परदेशात शिकायला येऊन तीन आठवडे झाले तरी मन लागत नाही, हे नॉर्मल आहे का?

हो, एकदम नॉर्मल. पहिले काही दिवस सगळं भारी वाटतं, फोटो काढणं चालू असतं, मग नवलाई ओसरली की छोट्या छोट्या गोष्टींचा वैताग यायला लागतो. यालाच कल्चर शॉक म्हणतात. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्येच याचे टप्पे लिहून ठेवलेत, अर्थात सगळ्यांचं त्याच क्रमाने होतं असं काही नाही.

आधी झोप बघा. शरीराचं घड्याळ साधारण एका टाइम झोनला एक दिवस या हिशोबाने जुळतं, म्हणजे तीन आठवड्यांनीही रात्रभर जाग येत असेल तर तो जेट लॅग नाही, बहुतेक वेळा घरच्यांशी चाललेले रात्रीचे व्हिडिओ कॉल असतात (आई रागावेल, पण वेळ ठरवूनच बोला). सकाळी उन्हात फिरून या, त्याने खरंच फरक पडतो.

लेक्चर डोक्यावरून जात असेल तर प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सना बिनधास्त जा, ती वेळ त्यासाठीच असते, आपल्याकडची मुलं उगाच लाजतात. असाइनमेंटमध्ये सोर्स न देता चार ओळी जरी उचलल्या तरी प्रकरण गंभीर होऊ शकतं, तेवढं सांभाळा.

आपली भाषा बोलणारे मित्र हवेतच, पण फक्त त्यांच्यातच राहू नका, एखादा क्लब धरा आणि दर आठवड्याला जा, ओळखी आपोआप होतात. आणि सलग दोन आठवडे झोप, भूक, अभ्यास सगळंच बिघडलेलं असेल तर युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलरची अपॉइंटमेंट घ्या.