परत कशी येतेस, एवढंच विचारा

प्रश्न : माझी मुलगी ऑगस्टपासून कॅरिबियन बेटांपैकी ग्रेनाडात मेडिकलच्या पहिल्या सत्राला आहे. दर शनिवार-रविवारी तिचे फोटो येतात. कधी समुद्र, कधी धबधबा, कधी बोट. कर्ज काढून पाठवलंय आणि ही अभ्यास कधी करते तेच कळत नाही. रविवारी सकाळी साडेनऊला मी मोकळी होते, तेव्हा फोन केला तर उचलत नाही. मिस्टर म्हणतात, फिरणं बंद कर म्हणून सांगून टाक. ताई, तुम्ही तिथेच शिकलात. काय करावं? – एक आई

उत्तर : काकू, आधी घड्याळाचं बघू. ग्रेनाडा आपल्या साडेनऊ तास मागे आहे. तुमचे रविवारचे साडेनऊ म्हणजे तिची शनिवारची मध्यरात्र. झोपलेली असते हो पोरगी! तुमच्या संध्याकाळी सहाला फोन लावा. तिथे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात.

आता फोटो. आमच्या मेडिकल कॉलेजचा ट्रू ब्लूचा कॅम्पस समुद्राला लागूनच आहे आणि ग्रँड आन्सचा तीन किलोमीटरचा पांढरा किनारा तिथून बसने अगदी जवळ. एक नंबरची मिनीबस पकडायची, चढताना सगळ्यांना ‘गुड आफ्टरनून’ म्हणायचं (न म्हणणाऱ्याला उद्धट समजतात), उतरायचं आलं की गाडीच्या पत्र्यावर टकटक करायची. माझ्या वेळी अडीच ईसी डॉलर (ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, तिथलं चलन) पडायचे. म्हणजे समुद्रावरचा फोटो हा सहलीचा पुरावा नव्हे. माझ्या फिजिओलॉजीच्या वहीत वर्षभर वाळू निघत होती.

माझी खरी सहल ऑक्टोबरातल्या एका रविवारची. आम्ही तिघी ग्रँड एटँगला गेलो. बेटाच्या मधोमध जुन्या ज्वालामुखीच्या मुखात तळं आहे, भोवती दाट जंगल, आणि पश्चिम आफ्रिकेतून कधीकाळी आणलेल्या मोना माकडांचे वंशज. तिथून क्वा क्वा डोंगराची वाट निघते. तांबडी चिकणमाती, वर धुकं, बूट घोट्यापर्यंत रुतत होते. जाताना बस लगेच मिळाली, म्हणून येतानाचा विचारच कुणी केला नाही. चारला खाली आलो तर रस्ता रिकामा. रविवारी तिथे बसगाड्या फार कमी असतात, हे तिघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. पाऊस सुरू. फोटो काढून काढून फोन मेलेले. शिवाय तिथली संध्याकाळ रेंगाळत नाही. सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि बघता बघता काळोख होतो.

शेवटी एक कुटुंब नदीवरून घरी चाललं होतं, त्यांनी पिकअपमध्ये घेतलं. मागच्या बाजूला हे भलंमोठं पातेलं, टॉवेलात गुंडाळलेलं. ‘ऑइल डाउन’, तिथला राष्ट्रीय पदार्थ. बाईंनी झाकण काढलं नि मला वासच ओळखीचा वाटला. नीरफणसाच्या फोडी, नारळाचं दूध पार आटून तेल सुटलेलं, वरून अळूची पानं. त्या पानांना ते कलालू म्हणतात आणि हळदीला सॅफ्रन! तळाला खारवलेलं मांस होतं, ते मी मैत्रिणीच्या वाटीत सरकवलं. असं अनोळखी गाडीत बसणं शहाणपणाचं नव्हतं, माणसं चांगली निघाली हे आमचं नशीब. दुसऱ्या दिवशी बायोकेमिस्ट्रीचा पेपर होता. काठावर पास झाले.

तेव्हापासून शनिवार फिरायचा, रविवार पुस्तकांचा. लेकीला बंदी घालू नका, घातलीत तर फोटो यायचे थांबतील, फिरणं नाही. पण ‘कुठे चाललीस’ याऐवजी ‘परत कशी येणार’ असं विचारायला लागा. उत्तर लगेच आलं तर निर्धास्त राहा. ‘बघू गं’ म्हणाली तर खोदून विचारा. दोन्ही दिवस बाहेर असेल तर मात्र मिस्टरांचं ऐका, थोडं.

ग्वाव्ह गावात शुक्रवारी रात्री रस्त्यावर मासे भाजतात, तिथे ती जाणारच. चार-सहा जणींनी मिळून येण्याजाण्याची टॅक्सी ठरवावी आणि भाडं ठरवताना ‘ईसी की यूएस’ हे आधी विचारावं. एका अमेरिकन डॉलरचे 2.70 ईसी होतात, त्यामुळे नुसतं ‘साठ डॉलर’ ऐकून मान डोलावली की खिसा कापलाच. त्याच गावात दिवसा जायफळाचं प्रक्रिया केंद्रही बघावं. लालभडक जायपत्री सोलून वेगळी करतात, तो रंग फोटोत उतरत नाही. तिथल्या झेंड्यावरही जायफळ आहे. 2004 मध्ये इव्हान वादळाने बहुतेक झाडं आडवी केली आणि जायफळाला फळ धरायला वर्षानुवर्षं लागतात. हे सगळं तिथले लोक शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तसं सांगतात.

मोलिनिएच्या खाडीत 2006 पासून पाण्याखाली पुतळे उभे आहेत. ते बघायला जाईल तेव्हा पोहता येत असो वा नसो, लाइफ जॅकेट घालायला सांगा. आणि किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात त्याला. फळ विषारी, चीक कातडी भाजतो. पाऊस आला म्हणून त्याच्या आडोशाला उभं राहायचं नाही, पानांवरून ठिबकणारं पाणीसुद्धा पोळतं.

परतल्यावर तिने ‘पोचले’ एवढा एकच शब्द पाठवायचा, असं ठरवून टाका. तिथे संध्याकाळचे सहा म्हणजे इथे पहाटेचे साडेतीन. तुम्ही उठाल तेव्हा तो फोनवर आलेला असेल.

आणि हो, दिवाळीच्या पार्सलमध्ये मिलिटरी प्रिंटची पँट वा टोपी घालू नका. ग्रेनाडात तसले कपडे सामान्य माणसाने घालणं हा गुन्हा आहे. माझ्या आईने हौसेने पाठवलेली पँट मी दोन वर्षं उशीच्या अभ्र्यात कोंबून वापरली.