शिक्षकांची बैठक गाऱ्हाण्यांतच अडकते, काय करावं?

इंदूरमध्ये शाळेतले आम्ही काही जण दर महिन्याला बसतो, पण रडगाण्यापुढे गाडी जात नाही, असं तुम्ही विचारलंय. आमच्या रामबागेतल्या गटाचंही आधी तेच व्हायचं. मग एकच नियम केला: एका बैठकीत एकाचीच अडचण. तो दहा मिनिटं बोलणार, बाकीचे फक्त प्रश्न विचारणार, सल्ला अगदी शेवटी. लंडनमध्ये मनोविश्लेषक मायकल बॅलिंट यांनी १९५०च्या दशकात डॉक्टरांचे असेच गट चालवले; एकानं आपला एक रुग्ण मांडायचा, सगळ्यांनी त्यावर विचार करायचा.

मागच्या खेपेला एक ताई रडकुंडीला आल्या होत्या. चौथीतला एक मुलगा मधल्या सुट्टीनंतर रोज दंगा करतो. कुणीतरी हळूच विचारलं, "डबा आणतो का तो?" ताई एकदम गप्प झाल्या. त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

जादा कामांची तक्रार मात्र गटात घोळवू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २७ वाचा: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बिगरशैक्षणिक काम लावता येत नाही. सगळ्यांच्या सह्यांनी लेखी अर्ज द्या. आणि हो, मुख्याध्यापकांना बैठकीत बोलावू नका, नाहीतर कुणी मोकळेपणानं बोलणार नाही.