एन्काउंटर करणाऱ्या पोलिसावर खुनाचा खटला चालला, तर गोळी स्वसंरक्षणासाठी झाडली हे त्यालाच सिद्ध करावं लागतं का?

हो, भार त्याच्यावरच. वर्दी असो नसो, खून केला पण जीव वाचवायला केला असं म्हणणाऱ्यानं ते दाखवायचं. मात्र शंकेला जागा उरू नये इतकं नाही. तसंच घडलं असावं असं कोर्टाला वाटलं तरी पुरतं.

आता मूळ दुखणं. 19 मार्च 2024 ला मुंबई हायकोर्टानं लखनभैया या गुंडाच्या खोट्या चकमकीच्या प्रकरणात पोलीस अधिकारी प्रदीप शर्मांना जन्मठेप दिली. 2013 ला सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं होतं. त्याच आठवड्यात राजारामपुरीत साखरपुड्याची पंगत होती. आमचे मेहुणे भर पंगतीत म्हणाले, "दाजी, गुंड मारला म्हणून पोलिसाला जन्मठेप? आणि तुम्ही खात्यातले असून गप्प?"

मी गप्प नव्हतो, तोंडात घास होता.

मी मुख्यालयात शस्त्रागाराला होतो. एकदा बंदोबस्तानंतर एका साहेबांनी पिस्तूल दिल्याची वेळ रजिस्टरात मागं घ्यायला सांगितली. "कोण बघतंय ओ?" मी म्हटलं, लेखी द्या. लेखी आलं नाही, माझी बदली आली: कसबा बावड्याच्या कोर्टात पैरवीला, म्हणजे पोलिसांच्या वतीनं खटल्यांचा पाठपुरावा करायला. मेहुणे तेव्हाही म्हणाले होते, दाजींना व्यवहार कळत नाही. पैरवी करताना बघितलं की कोण बघतं ते. आरोपीचा वकील पहिल्यांदा स्टेशन डायरी मागतो, मग शस्त्राचं रजिस्टर, मग रिकाम्या पुंगळ्या मोजतो.

लखनभैयाला 11 नोव्हेंबर 2006 ला संध्याकाळी वर्सोव्यात चकमकीत मारल्याची नोंद होती. त्याचा वकील भाऊ त्याआधीच, भावाला उचललंय म्हणून पोलीस आयुक्तांना तारा पाठवून बसला होता. तारेवर वेळ असायची. पुढं मुख्य साक्षीदार साक्षीच्या तोंडावर 2011 ला गायब झाला आणि त्याचं प्रेतच सापडलं, तरी केस उभी राहिली.

मेहुणे म्हणतात, अशानं पोलिसांचं मनोधैर्य खचतं. ज्याचं रजिस्टर खरं आहे त्याचं कशाला खचेल?

सगळ्याच चकमकी खोट्या असतात असं माझं म्हणणं नाही. समोरून गोळी आली तर झाडावीच. 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या सूचनांप्रमाणे चकमकीत माणूस मेला की एफआयआर आणि सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून तपास होतो, तो खऱ्या अधिकाऱ्याच्या फायद्याचाच आहे. खटल्याला सरकारची मंजुरी लागते का, हा मुद्दा वेगळा. तो वकिलाला विचारा. आमच्या मेहुण्यांना नको, ते बँकेत होते.