‘स्तानित्सा’ला खेडं म्हणावं का?

प्रश्न असा आला: रशियन कादंबऱ्यांत डॉन नदीकाठच्या कोसॅकांच्या (म्हणजे तिकडच्या लढाऊ घोडेस्वार समाजाच्या) वस्तीला ‘स्तानित्सा’ म्हणतात. मराठीत सरळ ‘खेडं’ लिहिलं तर काय बिघडतं?

बिघडतं. शोलोखोव यांच्या ‘डॉन संथ वाहते’मधलंच बघा. मेलेखोवांचं घर आहे तातार्स्की या ‘खुतर’च्या, म्हणजे वाडीच्या, टोकाला. हे तातार्स्की काल्पनिक, पण ज्या वेशेन्स्काया स्तानित्साखाली ते येतं ती खरी, डॉनच्या डाव्या तीरावर. आता खुतरही खेडं आणि स्तानित्साही खेडं असं लिहिलं, तर नायक ग्रिगोरी मेलेखोवला लष्करी भरतीसाठी शेजारच्या खेड्यात का बोलावतात, हे वाचकाला कळणारच नाही. स्तानित्सा म्हणजे आसपासच्या खुतरांचं ठाणं: निवडून दिलेला आतामान (म्हणजे प्रमुख), कचेरी, सामाईक जमीन, आणि भरतीची यादी. जमिनीच्या बदल्यात लष्करी चाकरी, तीही स्वतःच्या घोड्यासकट. म्हणजे आपल्या भाषेत शिलेदार; सरकारी घोड्यावरचा बारगीर नव्हे.

‘ठाणं’ मी मुद्दाम वापरलं. स्तानित्सा ‘स्तान’वरून, म्हणजे तळ, छावणी, आणि हा ‘स्तान’ संस्कृत ‘स्थान’चा सख्खा भाऊ. आपलं ठाणंही ‘स्थान’वरूनच आलं. तरी भाषांतरात मी ते घालणार नाही, कारण आज ठाणं म्हटलं की पोलीसच आठवतात. स्तानित्सा तसंच ठेवावं, एक तळटीप द्यावी. खुतरला मात्र ‘वाडी’ चपखल बसतं. आणि ‘ती स्तानित्सा’च, रशियनमध्ये शब्द स्त्रीलिंगी आहे. वेशेन्स्काया, स्तारोचेर्कास्काया, कॉकेशसातल्या तेरेक नदीकाठची, तोलस्तोय राहिले ती स्तारोग्लादकोव्स्काया, या सगळ्या नावांतला ‘-स्काया’ त्यामुळेच.

स्तानित्सेत राहणारा प्रत्येक जण कोसॅक नसे. बाहेरून येऊन वसलेल्यांना ‘इनोगोरोदनी’ म्हणत, आणि कोसॅकांच्या जमिनीत त्यांना वाटा नसे. यासाठी ‘उपरी’ हा आपला जुना शब्द हाताशी असताना ‘परगावचे’ का लिहायचं? शोलोखोव १९०५ साली वेशेन्स्कायाच्याच एका खुतरात जन्मले, १९८४ मध्ये वेशेन्स्कायातच वारले, डॉनकाठी पुरले गेले. पण कोसॅक नव्हते. १९१९ साली याच भागातले कोसॅक बोल्शेविकांविरुद्ध उठले. कादंबरीत ते बंड इतकं आतून आलंय की शोलोखोव कोसॅक नव्हते हे खरं वाटत नाही.

जाता जाता: ‘कोसॅक’ऐवजी ‘कझाक’ लिहिणं चूक नाही, पण वाचक कझाकस्तानात पोचतो. मूळ तुर्की शब्द एकच. रशियनमध्येही गोंधळ होई, म्हणून १९३६ मध्ये तिकडच्या लोकांसाठी शेवटचा ‘क’ बदलून ‘ख’ केला.

स्तानित्सेतल्या सभेच्या चौकाला काय म्हणावं, हेही विचारलंय. तिथे भाषांतराची गरजच नाही. डॉनकाठचे कोसॅक त्याला ‘मायदान’ म्हणतात. त्यांच्याकडे तो तुर्कीतून गेला, आपल्याकडे फारसीतून आला. मैदान लिहा.