बहिणीला लिव्हर द्यायला निघालेल्या माझ्या मेसमधल्या पोराला

अरे पोरा,

परवा ताट घेताना विचारलंस काका रिस्क किती टक्के असते, मागे लाईन होती म्हणून मी बोललो नाही. आता लिहितोय. ताईवर जीव आहे, तिला वाचवायचंय, हे मला सांगू नकोस, ते धरूनच चाललोय. मला एवढंच सांग की तू हो कुठे म्हणालास? हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये ना? आई रडतेय, दाजींचं फॅटी लिव्हर निघालं म्हणून ते मान खाली घालून उभे, आणि मामा म्हणतोय आता तूच आहेस. तो हो मी मोजत नाही. नाही म्हणायची मोकळीक असताना म्हटलेला हो तेवढा खरा.

टक्के हवेत तर ऐक. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा उजवा भाग लागतो, म्हणजे तुझं साधारण 60 टक्के लिव्हर जाणार, तुझ्याकडे निदान 30 टक्के तरी उरायला हवं, ते सीटीवर मोजतात. उजवा भाग देणाऱ्या 200 ते 500 जणांमागे 1 दगावतो असं धरतात. पुण्यातही डोनर गेल्याची बातमी 2025 मध्ये पेपरात आलीच होती, तेव्हा हे लांबचं समजू नकोस. पित्त लीक होणं, इन्फेक्शन, पायात गुठळी, पुढे टाक्यांच्या जागी हर्निया, असं काही ना काही तीन-चारांतल्या एकाला होतं, बहुतेकांचं निभावतं. मी दादाला लिव्हर दिलं तेव्हा माझं पित्त लीक झालं होतं, पोटात नळी घेऊन घरी आलो.

आणि ते लिव्हर परत उगवतं म्हणतात ना, ते अर्धंच खरं आहे रे. कापलेला भाग उगवत नाही, उरलेला फुगून मोठा होतो, दोन-तीन महिन्यांत बरंचसं भरून येतं. पित्ताशय मात्र काढतात ते कायमचं जातं. आणि लिव्हर एकदाच देता येतं. उद्या तुझ्या पोराला लागलं तर तुझ्याकडे द्यायला नसेल. हे वाचून तुला राग येईल पण कुणीतरी बोलायला हवं.

तू पीएसआयची तयारी करतोयस. धावणं, गोळाफेक. मला तीन महिने भाताचं पातेलं उचलू दिलं नाही, सिलेंडर तर लांबच, मेस भाच्यावर टाकली. अभ्यासिकेत बसणं दीड-दोन महिन्यांत जमेल, ग्राउंडचं मात्र सर्जनला तोंडावर विचार, माझी फिजिकल आहे, कधी पळू शकेन. लाजू नकोस. ताई आजारी असताना परीक्षेचं काय घेऊन बसलास असं म्हणणारे भेटतील, त्यांना बोलू दे, शरीर तुझं आहे.

मी दादाला दिलं तेव्हा आधी वेळ मागितला होता. सगळे चिडले. सख्खा भाऊ आणि विचार कसला करतोस! मी बायकोशी बोललो, एकटाच जाऊन डॉक्टरला भेटलो, मग हो म्हणालो. दादा वर्षाच्या आत गेला. इन्फेक्शनने गेला, नवीन लिव्हर शरीराने नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या देतात त्यांनी प्रतिकारशक्ती दबते, त्यातून वाढलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की त्या थोड्या दिवसांचा याच्याशी संबंध नाही. तरी आमच्याकडे कार्य असलं की कुणीतरी काढतंच, याने वेळ लावला नसता तर. आणि दुसरे म्हणतात दिलेलं फुकट गेलं. फुकट कसं गेलं? ते वर्ष दादाने नातीला मांडीवर घेतलं. मला वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं, वेळ का मागितला हे दादाला मी स्वतः नीट सांगितलं नाही, त्याच्या कानावर दुसऱ्यांकडून गेलं. पण वेळ मागितला याचं नाही वाटत, आजही मागेन. नळी लावून रात्रभर कण्हत होतो तेव्हा मनात दादाबद्दल एक वाकडा शब्द आला नाही, कारण मला कुणी ढकललं नव्हतं. ढकललेला माणूस आयुष्यभर हिशोब मागतो, बहिणीकडे सुद्धा. मी पाहिलेत असे.

म्हणून पुन्हा सांगतो, एकटा जा. भाऊ-बहीण कायद्याने जवळचे नातेवाईक, त्यामुळे परवानगीचं फार अडणार नाही, पण ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आणि सायकियाट्रिस्ट तुला एकट्याला भेटतात ते याच्यासाठीच, तिथे मामाने शिकवलेलं बोलू नकोस. ऑपरेशनला नेईपर्यंत कधीही मागे फिरता येतं, आणि चांगली टीम घरच्यांना एवढंच सांगते की मेडिकली जमत नाही. ताईचं नाव झेडटीसीसीच्या, म्हणजे मेंदूमृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या केंद्राच्या यादीत घातलंय का तेही विचार, तू हो म्हणालास तरी ते राहू दे. मेडिक्लेममध्ये डोनरला नंतर काही झालं तर कोण भरणार, हे लेखी घे. आणि विचार झाला की जे ठरेल ते ताईला तू स्वतः सांग, आईच्या किंवा मामाच्या तोंडून जाऊ देऊ नकोस.

तुझा हो आला तर मला आनंदच आहे, मी स्वतः दिलंय. नाही आला तरी तुझं ताट इथे आहे तसंच राहील. कोऑर्डिनेटरची अपॉइंटमेंट सकाळची घे, तेवढा वेळ आईला मेसवर आणून बसव, मी बोलतो त्यांच्याशी.

तुझा काका
सदाशिव पेठ