ई-रीडरचा खर्च किती पुस्तकांत वसूल होतो?

प्रश्न: महिन्याला दोन पुस्तकं वाचतो. एक विकत घेतो, एक ग्रंथालयातून आणतो. ई-रीडरची किंमत माझ्या सरासरी 12 छापील पुस्तकांएवढी आहे आणि ई-आवृत्ती साधारण 30 टक्के स्वस्त मिळते. घ्यावा का? ई-रीडर बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्यायचाही विचार आहे.

उत्तर: हिशेब तुमच्याच आकड्यांवरून करू. छापील पुस्तक 100 ला धरलं तर ई-आवृत्ती 70 ला पडते आणि पुस्तकामागे 30 वाचतात. यंत्र 1,200 चं, म्हणजे ते वसूल व्हायला 40 पुस्तकं लागतील. ग्रंथालयातल्या पुस्तकांवर तुम्ही खर्च करतच नव्हता, तेव्हा ती यात धरायची नाहीत. विकतची वर्षाला 12, म्हणून तीन वर्षं चार महिने.

इथवर ठीक. पण वाचून झालेली पुस्तकं तुम्ही विकता का? 100 चं पुस्तक पुढे 25 ला गेलं, तर त्याचा खरा खर्च 75. ई-पुस्तक विकता येत नाही, कारण तुम्ही घेता तो बहुतेक वेळा फक्त वाचण्याचा परवाना असतो. मग पुस्तकामागची बचत उरते 5 आणि वसुलीला लागतात 240 पुस्तकं, म्हणजे 20 वर्षं. त्याच्या कितीतरी आधी बॅटरी थकलेली असेल.

हे गणित खऱ्या अर्थाने फिरवतात ती कॉपीराइट संपलेली, फुकट उतरवता येणारी पुस्तकं. वर्षातल्या 12 पैकी 4 अशी असतील, तर बचत 400 अधिक 240, म्हणजे 640 होते आणि यंत्र दोन वर्षांच्या आत वसूल होतं. जुनी पुस्तकं विकणाऱ्यालाही मग साडेतीन वर्षं पुरतात. म्हणून गेल्या वर्षी विकत घेतलेल्या पुस्तकांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: ई-आवृत्ती आहे का, कितीला आहे, फुकट आहे का. तुमच्या भाषेतली निम्मी पुस्तकं ई-पुस्तकांच्या दुकानात नसतील, तर बाकीचा हिशेब करायचीही गरज नाही.

आता उपयोग. ई-रीडरचा ई-इंक पडदा स्वतः उजळत नाही, कागदासारखा बाहेरच्या प्रकाशावर दिसतो. त्याला वीज लागते ती पान बदलताना आणि अक्षरांवर उजेड टाकणाऱ्या दिव्याला. म्हणून चार्जिंग आठवड्यांनी मोजतात आणि उन्हातही अक्षर स्वच्छ दिसतं. कादंबरी, चरित्र, सलग मजकूर यांसाठी याहून सोयीचं यंत्र नाही. पण तुमचं वाचन पीडीएफचं असेल तर सहा इंची यंत्र घेऊ नका. ए4 पान 210 मिलिमीटर रुंद, हा पडदा सुमारे 90. 11 पॉइंटचं अक्षर पाचच्याही खाली जातं. मोठं करून पान सरकवत बसणं या संथ पडद्यावर वैताग आणतं. त्या कामाला दहा इंची यंत्र हवं, नाहीतर घरातला टॅबलेट बरा. रंगीत पडद्यालाही निव्वळ मजकुरासाठी जास्त पैसे देऊ नका: आजच्या कॅलिडो 3 या रंगीत ई-इंक पडद्यावर काळा-पांढरा मजकूर 300 पीपीआय (इंचाला 300 ठिपके) असला तरी रंग 150 वरच येतात, आणि रंगाच्या थरामुळे पार्श्वभूमी करडी दिसते.

शेअरचं उत्तर सरळ आहे: नको. निव्वळ ई-रीडरवर चालणारी मोठी नोंदणीकृत कंपनी शोधून सापडायची नाही. किंडल हा अ‍ॅमेझॉनच्या पसाऱ्यातला छोटा भाग, कोबो हा ई-रीडर जपानच्या राकुतेन कंपनीच्या पोटात, आणि पडदे बनवणारी तैवानची ई इंक होल्डिंग्ज दुकानांतल्या शेल्फवरच्या इलेक्ट्रॉनिक किंमतपट्ट्यांवरही मोठी भिस्त ठेवून आहे. ई-इंक पडद्याचा पहिला ई-रीडर 2004 मध्ये विकायला आणणाऱ्या सोनीने 2014 मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतलं. अधूनमधून वाचणारे फोन आणि टॅबलेटकडे गेले. उरलेला ग्राहक पुस्तकं भरपूर घेतो, पण यंत्र वर्षानुवर्षं बदलत नाही. 300 पीपीआयचा पडदा 2014 पासून मिळतोय, मग तो बदलेल तरी कशाला? घेणाऱ्याचा हा फायदा भागधारकाला मारक आहे.

याच कारणाने नव्या मॉडेलची वाट पाहण्यातही फारसा अर्थ नाही. एक पिढी मागचं किंवा कंपनीने दुरुस्त करून विकलेलं यंत्र घ्या. साठवणीसाठी जास्त मोजू नका. मजकुराचं पुस्तक सहसा दोन-चार एमबीचं असतं, 16 जीबीत हजारो मावतात. कव्हर मात्र किमतीतच धरा: बहुतेक पडद्यांमागे पातळ काच असते, पिशवीत दाब आला की ती आतून तडकते आणि पडदा बदलणं जवळजवळ नव्या यंत्राच्या भावात जातं.

वापरलेलं घेताना आधीच्या मालकाचं खातं काढलंय का ते समोरच पाहा. पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं पान उघडून रेषा तपासा. रात्रभर बंद ठेवून बॅटरी पाचेक टक्क्यांहून जास्त उतरली तर परत करा. पुस्तकं जमेल तिथे ईपब या ई-पुस्तकांच्या सर्वसाधारण फाइल स्वरूपात, कॉपी रोखणारं कुलूप नसलेली घ्या आणि संगणकावर प्रत ठेवा. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पुस्तकं नाही. किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात टाकायची सोयही फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. तुमचं ग्रंथालय ई-पुस्तकं देत असेल, तर ती कुठल्या यंत्रावर उघडतात हे विचारा आणि मगच ब्रँड ठरवा.