काढा घेऊ का मॅडम, लेकरू अंगावर पितंय

थंडी पडली रे पडली की माझ्याकडे येणाऱ्या बाळंतिणींचा एक प्रश्न ठरलेला, सर्दी झाली, काढा घेतला तर दुधातून लेकराला काही होणार नाही ना? त्यात 2025 मध्ये खोकल्याच्या सिरपमधल्या विषारी रसायनाने छिंदवाड्याकडची लेकरं गेली, त्यातली काही इथे नागपुरातच ॲडमिट होती, तेव्हापासून सिरप म्हटलं की आयांच्या पोटात गोळा येतो आणि जडीबुटीचं मात्र सगळं बिनधास्त. ती भीती मला पूर्ण समजते. पण जडीबुटीलाही मात्रा असते.

मानेवाड्याकडची एक आई आली होती (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय), बाळ सव्वा महिन्याचं. तक्रार सर्दीची नव्हतीच, दूध कमी झालं ही होती. सोबत सासूबाई, हातात कापडी पिशवी. म्हटलं काकू, काय काय देऊन राहिले ते सगळं टेबलावर काढा. तुळस, सुंठ, मिरे, इतवारीतून आणलेल्या जेष्ठमधाच्या काड्या, खोकल्याच्या आसवाची बाटली आणि मेडिकलमधून विचारून आणलेली सर्दीची गोळी. वर सर्दी लागेल म्हणून रात्रीचं पाजणंही बंद, वरचं दूध सुरू.

पहिले रात्रीचं पाजणंच परत सुरू करायला लावलं. सर्दी दुधातून जात नाही, शिंकेतून आणि हातातून जाते, उलट आईच्या दुधातून बाळाला त्या सर्दीशी लढणाऱ्या अँटीबॉडीज मिळतात. मास्क लावा, हात धुवा आणि पाजा.

तुळस, आलं, मिरे चहात-भाजीत पडतात तेवढे असले तर माझी काही हरकत नाही. पण ही दिवसातून तीनदा ग्लासभर काढा पीत होती, तोही जेष्ठमध मूठभर टाकून उकळलेला आणि तिला गरोदरपणात बीपी होता! जेष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनने अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतो. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तसेही बीपीसाठी नाजूक असतात. लगेच मोजला, वाढलेलाच निघाला. जेष्ठमध बंद करून त्याच दिवशी तिला तिच्या डॉक्टरकडे पाठवलं.

मग बाटली. लेबलवर बारीक अक्षरात अल्कोहोलची टक्केवारी लिहिलेली, काकूंना माहीतच नव्हतं. आसव-अरिष्टं आंबवूनच बनतात त्यामुळे त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं, म्हणून पाजणाऱ्या आईने वैद्यांना विचारल्याशिवाय ती घेऊच नयेत.

आणि दूध कमी व्हायचं कारण? एक तर रात्रीचं पाजणं बंद, दुसरी ती गोळी. स्ट्रिप उलटवून बघितली तर त्यात स्यूडोएफेड्रिन, म्हणजे चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध. 2003 मधल्या एका छोट्या अभ्यासात 60 मिलिग्रॅमच्या एकाच डोसने दिवसभराचं दूध सरासरी 24 टक्के घटलं होतं. म्हणजे घरचे काढ्याला दोष देऊन राहिले होते आणि काम गोळीने केलं होतं! गोळी सोडली, रात्री परत अंगावर घेतलं, हळूहळू दूध आलं.

सर्दीला वाफ, मिठाच्या गुळण्या, नाकात सलाईनचे थेंब, अंग दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, एवढं बहुतेकींना पुरतं. आईने मध खाल्ला तर चालतो, बाळाला मात्र वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही.

निघताना काकूंनी विचारलं, मग बाळाला ओव्याची धुरी तरी देऊ? नाही काकू. धुराने एवढ्याशा श्वासनळीला सूज येते. कापूर-मेंथॉलचा बाम नको, वेखंडाची घुटी नको, काढ्याचा थेंबही नको. नाक चोंदलं तर सलाईनचे थेंब टाका आणि पाजा. पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याच्या वर गेला, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या किंवा त्याने दूध ओढणंच सोडलं तर सकाळची वाट बघू नका, मेडिकल किंवा मेयो, नागपुरातल्या या सरकारी दवाखान्यांपैकी जो जवळ असेल तिथे रात्रीच न्या.